घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक संगीत: १५ हजारांत सुरुवात कशी करू? (पुणे)

गौरी_वारजे

नमस्कार मंडळी. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत असताना काही वर्षं पेटी शिकले, नंतर दहावी-बारावीच्या गडबडीत सुटली. हल्ली टेक्नो, अँबियंट असं भरपूर ऐकते आणि आता नुसतं ऐकून भागत नाही, स्वतः करून बघायचंय. शिकवण्या घेऊन साठवलेले १५ हजार आहेत. त्याच्या वर जाता येणार नाही.

लॅपटॉप भावाचा जुना, आय फाइव्ह, ८ जीबी रॅम, विंडोज. घर दोन खोल्यांचं आणि आजी रात्री नऊला झोपते, म्हणजे मोठा आवाज चालणार नाही. एका दुकानात चौकशी केली तर त्यांनी कीबोर्ड, ऑडिओ इंटरफेस, मॉनिटर स्पीकर, माइक असा पन्नास हजारांच्या पुढचा संच लिहून दिला. एवढं सगळं खरंच लागतं का? आणि पेटी येते त्याचा इथे काही उपयोग होतो का?

रात्रीचा_रियाज

गौरी, आधी ती यादी बाजूला ठेव. त्यातली एकेक वस्तू कशासाठी असते ते कळलं की काय घ्यायचं ते तुझं तुलाच ठरवता येईल.

ऑडिओ इंटरफेस लागतो तो बाहेरचा आवाज नीट आत घ्यायला, म्हणजे माइक किंवा गिटार जोडायला. तुला सगळा आवाज लॅपटॉपच्या आतच तयार करायचाय, तर आज त्याचं काम नाही. माइकचंही तेच. मॉनिटर स्पीकर चांगलेच असतात, पण छोट्या खोलीत खालचे स्वर भिंतींवर आपटून कुठे फुगतात, कुठे गायब होतात. शिवाय बेस स्लॅबमधून सरळ खालच्या घरात उतरतो. दोन खोल्यांत, आजी झोपलेली असताना, स्पीकरवर पैसे घालणं म्हणजे ते कपाटात ठेवणं.

पहिला आणि सध्या एकमेव खर्च: चांगला वायरचा हेडफोन. ऑडिओ टेक्निकाचा एम २० एक्स किंवा त्या जातीचा, कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा. पाच-सहा हजारांच्या आसपास बसतो, सेलमध्ये कमी. तो ब्लूटूथ नको. ब्लूटूथवर आवाज सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. गाणं ऐकताना ते कळत नाही, पण कळ दाबून स्वर इतका उशिरा आला की हाताला वाजवताच येत नाही. आणि जास्त बेस असलेले फॅशनचे हेडफोनही नकोत. ते नसलेला बेस ऐकवतात, मग तू बेस कमी ठेवतेस आणि दुसऱ्या कुणाकडे तो ट्रॅक पोकळ वाजतो. लॅपटॉपच्या स्पीकरवर तर किक (ड्रमचा खालचा जड ठोका) जिथे राहते तो खालचा भाग जवळजवळ ऐकूच येत नाही.

सॉफ्टवेअरला सुरुवातीला शून्य रुपये. वेव्हफॉर्म फ्री घे, ट्रॅकच्या संख्येवर मर्यादा नाही आणि बाहेरचे प्लगइन, म्हणजे त्यात जोडायची वाद्यं आणि इफेक्ट, चालतात. किंवा रीपर घे. तो ६० दिवस पूर्ण चालतो, आवडला तर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा आहे, म्हणजे पाच हजारांच्या थोडा वर. सिंथ, म्हणजे आवाज शून्यातून तयार करणारं वाद्य, त्यासाठी व्हायटलची मोफत आवृत्ती आणि सर्ज एक्सटी. सर्ज तर पूर्ण मुक्त स्रोत आहे. या दोघांत जेवढं आहे तेवढं काही दशकांपूर्वी खोलीभर यंत्रांत मिळत नसे.

आणि पहिले दोन-तीन महिने दुसरं काहीही विकत घेऊ नकोस.

पेंग्विनवाला

एलएमएमएस कसं राहिलं? मोफत, हलकं, विंडोज-लिनक्स-मॅक सगळीकडे चालतं. जुन्या लॅपटॉपवर तर मी तेच सुचवीन. ठोक्यांचा तक्ता समोर दिसतो, नवख्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी काहीतरी वाजवल्याचा आनंद मिळतो.

रात्रीचा_रियाज

@पेंग्विनवाला, मान्य, ठोके मांडायला सोपं आहे. दोन अडचणी मात्र गौरीला आधीच माहीत असाव्यात. एलएमएमएसच्या १.२ मालिकेत थेट आवाज रेकॉर्ड करता येत नाही, तो ऑडॅसिटीत रेकॉर्ड करून आणावा लागतो. आणि त्यात व्हीएसटी३ प्रकारचे प्लगइन चालत नाहीत. सर्ज एक्सटी विंडोजवर व्हीएसटी३ मध्ये येतो, म्हणजे तो तिथे उघडणार नाही. म्हणून मी वेव्हफॉर्म म्हटलं.

नादखुळा

मी एफएल स्टुडिओवर शिकलो आणि आजही त्यावरच आहे. पियानो रोल, म्हणजे स्वर मांडायचा तक्ता, इतका मोकळा दुसऱ्या कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही असं माझं मत आहे. एकदा विकत घेतलं की पुढचे सगळे अपडेट कायम मोफत. ट्रायलला मुदत नाही, पण अट एक: प्रोजेक्ट सेव्ह होतो, मात्र परवाना घेईपर्यंत पुन्हा उघडता येत नाही. म्हणजे एका बैठकीत बनवून ऑडिओ फाइल काढायची. शिकताना ही शिस्त वाईट नाही.

कॉलेजात क्रॅक (परवाना तोडलेली चोरटी प्रत) सगळीकडे फिरतो, तो मात्र घेऊ नकोस. जवळच्या एकाच्या लॅपटॉपवर अशा फाइलबरोबर व्हायरस आला आणि वर्षभराचं काम गेलं. मोफत आणि सरळ मार्गाने मिळणारं इतकं चांगलं असताना त्या वाटेला जायचं कारणच उरलेलं नाही.

अनाहत

रियाज, बाकी सगळं पटलं, पण "दोन-तीन महिने काहीच घेऊ नकोस" हे गौरीच्या बाबतीत मला पटत नाही. तिचा हात पेटीवर बसलेला आहे. ज्याला वाजवता येतं त्याला माउसने एकेक स्वर टिंबासारखा ठेवायला लावलं तर ती स्वर मोजायला लागेल, गायचं थांबेल. तिचं संगीत बोटांत आहे. २५ कळांचा छोटा मिडी कीबोर्ड घ्यावा, म्हणजे कुठली कळ किती जोरात दाबली ते लॅपटॉपला सांगणारा. अकाईचा एमपीके मिनी, आर्ट्युरियाचा मिनीलॅब, नोव्हेशनचा लाँचकी मिनी, यातला कुठलाही. आठ-दहा हजारांत येतो आणि बहुतेकांबरोबर एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरची लाइट आवृत्ती मिळते.

रात्रीचा_रियाज

अनाहत, याच कारणासाठी मी थांब म्हणतोय. पेटीवर हात बसलेला माणूस कीबोर्ड आला की लगेच धून वाजवायला लागतो. सुरेलच वाजवतो. पण या संगीतात निम्मं काम धुनेचं नाहीच, आवाजाच्या पोताचं आहे. एकच स्वर चार मिनिटं धरून त्याचा फिल्टर (वरचे स्वरांश अडवणारी चाळणी) हळूहळू उघडणं ही इथे बंदिशीइतकी मोठी गोष्ट असते. तो कान आधी तयार होऊ दे. आणि लॅपटॉपच्या कळांवरूनही स्वर वाजवता येतात, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते.

अनाहत

लॅपटॉपच्या कळेला जोर कळत नाही. हळू दाबा, जोरात दाबा, स्वर तेवढाच. पोत म्हणता ना, मग सुरुवात स्पर्शापासूनच नाही का होत?

कथील_बुधवारपेठ

तुम्हा दोघांना मधे थांबवतो. गौरी, नातेवाइकांत कुणाकडे जुना कॅसिओ पडून आहे का बघ. पुण्यात दर दोन-तीन घरांआड एक असतो, मुलांना छंद म्हणून आणलेला आणि आता माळ्यावर. त्याच्या मागे प्रिंटरला असतो तसा चौकोनी यूएसबी पोर्ट असेल तर बहुधा तोच तुझा मिडी कीबोर्ड. साधी केबल लाव, लॅपटॉप ओळखतो. आणखी जुना असेल तर पाच पिनांची गोल मिडी सॉकेट असते, तिला यूएसबी-मिडी केबल मिळते. फार स्वस्तातली घेऊ नकोस, त्या भराभर वाजवलं की स्वर गाळतात.

मिडी ही पद्धत १९८३ सालची आहे आणि त्या काळचं यंत्र आजच्या लॅपटॉपशी अजून बोलतं. माझ्या टेबलावर दुरुस्तीला येणाऱ्या वस्तूंमध्ये असं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

केबल, ६.३५ ते ३.५ मिमीचा अडॅप्टर, यूएसबी हब असलं किरकोळ सामान तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या आसपास घे. घेतानाच लावून बघ.

वापरलेला मिडी कीबोर्ड घ्यायचाच झाला तर प्रत्येक कळ हळू आणि जोरात दाबून स्क्रीनवर आकडे बघ, ० ते १२७ मध्ये ते सरकायला हवेत. एखादी कळ कायम १२७ च दाखवत असेल तर तिचा खालचा रबर गेलाय. यूएसबी केबल लावलेली असताना हलवून बघ, तुटतं ते आधी तिथेच. बरोबर आलेला सॉफ्टवेअरचा परवाना पहिल्या मालकाने आपल्या नावावर केलेला असतो, तो मिळेल असं धरून किंमत देऊ नकोस. बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो, तिथे रेडिओ, कॅसेट, स्पीकर खूप दिसतात. चालू मिडी कीबोर्ड मिळण्याची आशा ठेवून जाऊ नकोस, पण जुना पॉकेट रेडिओ मिळाला तर जरूर घे. दोन स्टेशनांच्या मधली खरखर रेकॉर्ड करून ठेवायला सोन्यासारखी आहे.

गौरी_वारजे

मामाकडे कॅसिओ आहे!! फोन केला, मागे चौकोनी पोर्ट आहे म्हणाला. रविवारी सहकारनगरला जाऊन घेऊन येते. हेडफोन ऑर्डर केला. वेव्हफॉर्म आणि व्हायटल टाकलंय. कथीलकाका, अनाहतताई, रियाजदादा, सगळ्यांचे खूप आभार.

एक अडचण: तीन-चार ट्रॅक झाले की आवाज तुटतो, चटचट वाजतं. आणि लॅपटॉपच्या कळा दाबल्यावर स्वर जरा उशिरा येतो. लॅपटॉप बदलावा लागेल का?

पेंग्विनवाला

लॅपटॉप बदलायची गरज नाही. दोन्ही गोष्टी बफरशी संबंधित आहेत. प्रोसेसर आवाजाचे नमुने थोडे थोडे आधी तयार करून ठेवतो, तो साठा म्हणजे बफर. साठा मोठा असला की प्रोसेसरला दम खायला वेळ मिळतो पण स्वर उशिरा येतो. लहान केला की स्वर पटकन येतो पण प्रोसेसर धापा टाकतो आणि चटचट होते. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर २५६ चा बफर म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २३. हा नुसत्या बफरचा हिशोब, ड्रायव्हरचा उशीर त्यावर वेगळा. वाजवताना २५६ ठेव, मांडणी आणि मिक्सिंग करताना १०२४ कर.

विंडोजवर एसिओ फॉर ऑल हा मोफत ड्रायव्हर टाक आणि सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तो निवड, उशीर बराच कमी होईल. पॉवर सेटिंग हाय परफॉर्मन्सवर. ब्राउझर बंद, तो एकटाच दोन जीबी खातो. एखाद्या ट्रॅकचं काम झालं की तो फ्रीझ कर, म्हणजे त्याचा ऑडिओ होऊन जातो आणि सिंथचा भार उतरतो. लॅपटॉपला अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर पैसे उरल्यावर एसएसडी बसव.

नादखुळा

आणि ऑटोसेव्ह चालू ठेव. गुरुवारी आपल्याकडे देखभालीसाठी वीज जाते, जुन्या लॅपटॉपची बॅटरी अर्धा तासही धरत नाही.

मुळशीचा_पाऊस

ज्यांच्याकडे लॅपटॉपही नाही अशांसाठी: फोनवर बँडलॅब मोफत आहे आणि कोआला सॅम्पलर थोडक्या पैशांत मिळतो. मी एसटीत बसून कोआलावर ठोके मांडते. बाहेरचा आवाज पकडायचा, कापायचा, सोळा चौकोनांवर ठेवायचा, वाजवायचा. फक्त हेडफोन वायरचा हवा, वर रियाज यांनी सांगितलं तेच.

गौरी_वारजे

चटचट गेली! कॅसिओपण आला, लगेच ओळखला. आता वेगळाच गोंधळ. व्हायटलमध्ये तयार आवाज इतके आहेत की दोन तास नुसते ऐकत बसते आणि काहीच बनत नाही. नेटवरून ड्रमचे सॅम्पलही उतरवले, काही हजार फाइली. कुठला निवडायचा हे कसं ठरवता?

रात्रीचा_रियाज

ते सगळं बंद कर आणि एक किक स्वतः बनव. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. एक किक शून्यातून बनवली की सिंथेसायझर कसा चालतो याचा बराचसा भाग हातात येतो, आणि मग तयार आवाज निवडतानाही आपण काय शोधतोय ते कळतं.

पेटीत तुझा सा कुठला? काळी चार, पाच, काय असेल ते सांग, पुढचे आकडे त्यावर ठरतील.

गौरी_वारजे

काळी चार.

रात्रीचा_रियाज

छान. मग तुझी किकही काळी चारमध्ये लावू. पाश्चात्त्य नावाने जी शार्प, आणि किकच्या उंचीला तो येतो सुमारे ५२ हर्ट्झवर.

व्हायटलमध्ये नवा, कोरा आवाज उघड. पहिल्या ऑसिलेटरची, म्हणजे मूळ स्वर तयार करणाऱ्या भागाची, लहर साइन कर, एकदम साधी, बासरीहूनही कोरी. कळ दाब, नुसता हूं ऐकू येईल. आता एन्व्हलप १. एन्व्हलप म्हणजे कळ दाबल्यावरचा चढउतार, हा आवाजाच्या जोराचा. अटॅक (चढायचा वेळ) शून्य, सस्टेन (टिकून राहणारा जोर) शून्य, डिके (उतरायचा वेळ) ३०० मिलिसेकंद. हूंचा ठोका झाला, पण मऊ, उशीवर मारल्यासारखा. आता खरी गोष्ट: एन्व्हलप २ ओढून त्या ऑसिलेटरच्या ट्रान्सपोजवर सोड आणि २४ सेमीटोन दे, डिके ५० मिलिसेकंद, सस्टेन शून्य. म्हणजे स्वर दोन सप्तकं वर, २०८ हर्ट्झला सुरू होऊन डोळ्याचं पातं लवायच्या आत ५२ ला येऊन बसतो. हे घसरणं म्हणजेच किक. ५० चे २० केलेस तर टक् वाजेल, १५० केलेस तर ड्यूं. तासभर फक्त हा एक आकडा फिरवत बस.

आणखी एक बारीक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. व्हायटलमध्ये ऑसिलेटरची फेज (लहर कुठून सुरू होते ते) मुळात प्रत्येक ठोक्याला वेगळ्या जागेवरून सुरू होते. त्यामुळे दोन किक सारख्या वाजत नाहीत, एखादीचा टक् जातो. फेजच्या शेजारचं रँडम शून्यावर आण.

हायहॅट (झांजेसारखा छोटा ठोका): ऑसिलेटर बंद, सँपलच्या खान्यात व्हाइट नॉइज आधीच असतो तो चालू, वरचेच स्वर सोडणारा हाय-पास फिल्टर आणि डिके ४० मिलिसेकंद. स्नेअर (खरखरीत, फटक्यासारखा ठोका): तोच नॉइज जरा लांब, जोडीला १९० हर्ट्झच्या आसपासचा छोटा स्वर. झाला संच. तुझा स्वतःचा, कुणाच्याही हजारो फाइलींतला नाही.

सिंथ म्हणजे नेमकं काय हे सावकाश हात लावून बघायचं असेल तर एबलटनने ब्राउझरमध्ये चालणारे दोन मोफत धडे ठेवलेत, लर्निंग म्युझिक आणि लर्निंग सिंथ्स. दोन्ही कर. त्यापेक्षा बरा वर्ग मला माहीत नाही.

कथील_बुधवारपेठ

रियाज यांच्या किकला जोडून. ज्या ८०८ या ड्रम मशीनच्या किकची आज सगळे नक्कल करतात ते रोलँडचं यंत्र १९८० मध्ये आलं. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून फार खपलं नाही आणि काही वर्षांत बंद झालं. ३०३ हे बेसचं यंत्र गिटारवाल्यांना घरी साथीला म्हणून काढलं होतं, तेही पडलं. दोन्ही जुन्या सामानात स्वस्त झाली आणि पैसे नसलेल्या तरुणांच्या हाती गेली, त्यातून शिकागोचं अॅसिड हाउस हे नृत्यसंगीत उभं राहिलं. पण त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग यांनी याच ८०८ आणि ३०३ वर राग वाजवून रेकॉर्ड काढली होती. तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर वाजली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत तर १९६९ मध्येच डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून स्टुडिओ उभा केला होता. हे संगीत बाहेरून आलंय, आपलं नाही, असं कुणी म्हटलं तर त्याला हे सांग.

अनाहत

कथील, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

गौरी, तू विचारलं होतंस पेटीचा उपयोग होतो का. दोन गोष्टी सांगते, आणि या दोन्ही फक्त कीबोर्ड शिकलेल्या माणसापेक्षा तुला लवकर कळतील.

पहिली तालाची. सगळी सॉफ्टवेअर चारच्या घरात उघडतात, म्हणून सगळ्यांचं सगळं चारच्या घरात बनतं. तू ताल बदलून ७/४ कर. रूपक. एका मात्रेचे चार भाग, म्हणजे आवर्तनाचे २८ चौकोन. आता ठेका म्हणून बघ: ती ती ना, धी ना, धी ना. रूपकात सम हीच खाली. पहिल्या तीन मात्रांत डग्ग्याचा घुमारा नाहीच, तो चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर येतो. किक म्हणजे तुझा डग्गा. मग समेवर किक देऊ नकोस, चौथ्या आणि सहाव्याला दे. समेला एखादी कोरडी टाळी पुरे. ऐकणारा जड ठोक्याची वाट बघत राहतो आणि तो चौथ्या मात्रेला मिळतो. त्यावर सिंथची चार मात्रांची ओळ सोडून दे. ती आणि रूपक २८ मात्रांनी पुन्हा समेवर एकत्र येतात. एवढ्या एका गोष्टीवर पाच मिनिटांचा ट्रॅक सहज उभा राहतो, नवीन स्वर आणायची गरज पडत नाही.

दुसरी सुरांची. पेटीचे स्वर सारख्या अंतराने वाटलेले असतात हे तुला माहीत आहे. तानपुऱ्यातून जो शुद्ध गंधार ऐकू येतो तो पेटीच्या गंधारापेक्षा जवळपास १४ सेंट (पेटीच्या लगतच्या दोन स्वरांत १०० सेंट असतात) उतरलेला असतो. षड्जाशी शुद्ध जुळणारा कोमल गंधार उलट १६ सेंट चढा. पेटीवर हे करता येत नाही, सिंथवर येतं. सर्ज एक्सटी आणि व्हायटल दोन्हींत स्वरांतराची एससीएल फाइल घालता येते. साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये स्वतः लिहिता येते, गंधारापुढे ५/४, पंचमापुढे ३/२ असं. सर्जमध्ये सा कुठल्या कळेवर धरायचा ते वेगळ्या केबीएम फाइलमध्ये सांगायचं. तुझा काळी चार, तर तिथून.

आता दोन ऑसिलेटर सा वर आणि एक पंचमावर लाव, दोन सा मध्ये एखाद्या हर्ट्झचा फरक ठेव. दर सेकंदाला एकदा आवाज हळूच उमलतो आणि मिटतो. त्यावर शुद्ध गंधार धर. सवाईच्या मंडपात गाणं सुरू व्हायच्या आधी तानपुरे जुळत असतात तेव्हा अंगावर जे येतं त्याची थोडी चव हेडफोनमध्ये मिळेल. मला पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा रडू आलं होतं.

रात्रीचा_रियाज

अनाहत, कीबोर्डबद्दल माझं मत तसंच आहे, पण ही पोस्ट मी उतरवून ठेवतोय.

नादखुळा

बाहेरच्या आवाजांचंही सांगतो. फोनवर डब्ल्यूएव्हीमध्ये रेकॉर्ड करणारं अॅप घे आणि बाहेर पड. सकाळची मंडई, स्टीलच्या डब्याचं झाकण, खलबत्ता, कुकरची शिट्टी संपतानाचा शेवटचा सुस्कारा. गणपतीच्या आधी नदीकाठी पथकांचा सराव चालतो, तिथे ताशा मिळतो. जवळ जाऊ नकोस, फोनचा माइक एवढा जोर सहन करत नाही आणि आवाज फाटतो. बराच लांब उभी राहा. आणि ताशा एकट्याने वाजत असेल तेव्हा पथकातल्या कुणाला तरी विचारून घे, मुलं आनंदाने पुन्हा वाजवून दाखवतात.

माझाही एक प्रश्न: जुन्या मराठी गाण्यातले चार-पाच सेकंद घेतले तर चालतं ना? इतक्या छोट्या तुकड्याला सूट असते असं ऐकलंय.

पेंग्विनवाला

नाही. असा सेकंदांचा कुठलाही नियम कायद्यात नाही, तो ऐकीव आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो आणि शब्द, चाल यांचे हक्क त्याहून वेगळे. घरी शिकायला कर हवं तेवढं, पण प्रसिद्ध करायचं असेल तर परवानगी लागते. मोफत आवाजांसाठी फ्रीसाउंड बघ. प्रत्येक फाइलचा परवाना लिहिलेला असतो. सीसी झीरो (हक्क सोडून दिलेला) असेल तर बिनधास्त वापर, काहींना श्रेय द्यावं लागतं, काही व्यावसायिक कामाला चालत नाहीत. उतरवतानाच परवाना फाइलच्या नावात लिहून ठेव, नंतर सापडत नाही.

कथील_बुधवारपेठ

वायरने काही रेकॉर्ड करताना मागे बारीक घूं ऐकू आली तर ती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड कर, बहुतेक वेळा जाते. नाही गेली तर घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायचं. हे संगीतासाठी नाही, जिवासाठी.

गौरी_वारजे

एक ट्रॅक पूर्ण झाला. लिंक खाली दिलीये. साडेचार मिनिटं, रूपक, किक माझी, हायहॅट माझा, समेवरची टाळी म्हणजे आजीच्या पोळपाटावर लाटणं आपटलंय (तिनेच आपटलं). पॅड (मागे धरून ठेवलेला लांब स्वर) अनाहतताईंच्या पद्धतीने लावला. हेडफोन सोडला तर आत्तापर्यंत फक्त केबलचे पैसे गेलेत.

हेडफोनवर मला आवडतंय. पण फोनच्या स्पीकरवर बेस पूर्ण गायब होतो, आणि हेडफोनवरही किक आली की काहीतरी दबल्यासारखं, गढूळ वाटतं. मास्टरचा, म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या एकत्र आवाजाचा, काटा लाल होतोय. किकचा आवाज वाढवू का?

अनाहत

दोनदा ऐकला. २८ मात्रांनी ओळ पुन्हा समेवर येते आणि तू तिथे काहीच वाजवत नाहीस, ती जागा फार सुंदर झालीये. तिला हात लावू नकोस.

रात्रीचा_रियाज

किक वाढवू नकोस, उलट सगळेच ट्रॅक खाली आण. मास्टरवर सर्वांत मोठा ठोका उणे ६ डेसिबलपर्यंत जायला हवा, लाल अजिबात नको. ऐकायला कमी वाटलं तर हेडफोनचा आवाज वाढव, मिक्सचा नाही.

गढूळपणाचं कारण मला ऐकताच दिसलं: बेसही तू त्याच सा वर, ५२ हर्ट्झवरच ठेवलायस. दोघं एकाच जागेसाठी भांडतायत. बेस एक सप्तक वर घे, १०४ ला. मग त्यावर थोडं सॅच्युरेशन लाव, म्हणजे वरचे स्वरांश तयार होतात आणि छोट्या स्पीकरवरही कानाला बेस कळतो. पॅडमधलं १५० च्या खालचं कापून टाक, तिथे त्याचं काही काम नाही.

आणि चौथ्या-सहाव्या मात्रेला बेस वाजवायचाच कशाला? किक तिथे आहेच. पहिल्या तीन मात्रा मोकळ्या आहेत, बेस तिथे आण. समेच्या टाळीनंतर लगेच, दुसऱ्या मात्रेवर. बदल करून पुन्हा टाक, रात्री ऐकतो.